नाकासमोरून जाणारा धूर : पिकअप बनवणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

गिटारचे पिकअप (चुंबकाभोवतीची बारीक तारेची गुंडाळी, जी गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलते) घरच्या घरी गुंडाळणाऱ्यांचे या वेळचे प्रश्न बहुतेक हत्यारांबद्दलचे आहेत. धुराचं नाव त्यांतल्या मोजक्यांनीच घेतलंय. बाकीच्यांच्या प्रश्नांतही धूर आहेच, फक्त तो त्यांच्या लक्षात आलेला नाही.

शिवणयंत्राची जुनी मोटर आणि तिचं पायाने दाबायचं पेडल वापरून वाइंडर (तार गुंडाळायचं यंत्र) बनवला. फेरे मोजायची स्वस्त युक्ती सांगाल?

साधा कॅल्क्युलेटर. तो उघडून ‘बरोबर’च्या बटणाच्या दोन टोकांना दोन तारा जोडा आणि त्या रीड स्विचला (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) न्या. फिरणाऱ्या चकतीवर छोटा चुंबक चिकटवा, आणि समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचा पितळी स्क्रू लावा, नाहीतर चकती थरथरते. आता १ + १ दाबलं की चुंबक स्विचसमोरून जाईल तेव्हा दर वेळी आकडा एकाने वाढतो. (काही कॅल्क्युलेटर असं करत नाहीत. उघडण्याआधी बोटाने दाबून बघा.)

मर्यादा एकच, वेग. जोरात फिरवलं की कॅल्क्युलेटर फेरे गाळतो आणि गाळले हे सांगत नाही. माझ्या पहिल्या पिकअपला त्याने ७,६०० फेरे दाखवले होते. ४२ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) तारेला एवढ्या फेऱ्यांत साधारण सहा हजार ओहम रोध यायला हवा, मीटरवर आला साडेसात हजार! आधी मीटरलाच शिव्या दिल्या. त्यामुळे पेडल हलकं दाबा, किंवा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा सेन्सर) असलेला डिजिटल काउंटर बसवा.

आणि हातमोजे घालू नका. कुठेही ‘सुरक्षा’ म्हटलं की लोक आधी मोजे चढवतात, पण फिरत्या यंत्रापाशी मोजा बोटासकट आत ओढला जातो. बाह्या वर, केस मागे, तार फेल्टच्या तुकड्यात धरलेली, एवढं पुरे.

सोल्डरिंग करताना टेबलावर संगणकाचा १२० मिमी पंखा ठेवतो. त्याच्या मागे कार्बनचा स्पंज आहे. एवढं चालेल ना?

ठेवता कुठे, त्यावर आहे. पंखा फुंकतो लांबवर, पण ओढतो फारच जवळून. ओढणाऱ्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलं की ओढीचा वेग सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो. तुमचा पंखा १२ सेंटीमीटरचा, म्हणजे काम १२ सेंटीमीटरवर असेल तर ओढ तिथेच एक दशांश झाली. २५ सेंटीमीटरवर तो नुसता आवाज करतो.

बघायचं असेल तर एक उदबत्ती पेटवून सोल्डरच्या जागी धरा आणि नेहमी बसता तसे वाकून बसा. धुराची रेघ सरळ वर चढते, तुमच्या हनुवटीशी येऊन पसरते आणि मग नाकात जाते. आता पंखा एकेक बोट जवळ सरकवत आणा. एका जागी ती रेघ वाकते आणि आडवी होऊन पंख्यात शिरते. टेबलावर तिथे खूण करा. यापेक्षा स्वस्त मोजमाप मला माहीत नाही.

राहिला स्पंज. तो वास थोडा कमी करतो, बारीक कण मात्र त्यातून आरपार जातात. वास गेला की धूर गेला असं वाटतं, आणि मला तो स्पंज म्हणूनच आवडत नाही. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर लावायचा तर संगणकाच्या पंख्याला तेवढा दाब जमत नाही, त्याला ब्लोअर लागतो. घरगुती कामाला सगळ्यात चांगलं म्हणजे पंख्याला आखूड, कमी वळणांचा लवचीक पाइप जोडून त्याचं दुसरं टोक खिडकीबाहेर काढणं. बाहेर गेलेल्या धुराला फिल्टर लागत नाही.

हा धूर शिशाचा असतो असा समज आहे. शिसं उकळतं १,७४९ अंश सेल्सिअसला आणि तुमच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक असतं साडेतीनशेच्या आसपास. दिसतो तो फ्लक्समधल्या (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात तो पदार्थ) राळेचा धूर, आणि राळेच्या धुराने दमा जडतो हे नीट माहीत असलेलं सत्य आहे. शिसं तोंडावाटे जातं, हातांवरून. म्हणून काम झालं की साबणाने हात धुवा आणि त्या टेबलावर चहाचा कप आणू नका.

तारेचं एनॅमल (तिच्यावरचा वीजरोधक लेप) खरवडताना तार तुटते. थेट सोल्डर केलं तर?

कुठलं एनॅमल आहे त्यावर. पॉलियुरेथेनचा लेप असेल तर सुमारे ३९० अंशांना तो स्वतःच वितळून बाजूला होतो. साधं एनॅमल आणि फॉर्मव्हार (आणखी एक प्रकारचा लेप) तसे जात नाहीत, ते खरवडावेच लागतात. रंगावर विसंबू नका, रिळावरचं लेबल वाचा.

पॉलियुरेथेन सोपं आहे, पण इथेच खरा धोका आहे. तो जळताना आयसोसायनेट वायू निघतात. त्यांची एकदा अॅलर्जी बसली की पुढे अगदी थोड्यानेही छाती भरून येते. टोक दोन सेकंद टेकवलं तर धूर चिमूटभरच, पण तो नाकाखालीच निघतो, कारण ४२ गेजची तार जेमतेम ०.०६३ मिमी जाडीची आणि ती दिसावी म्हणून आपण तोंड अगदी जवळ नेतो. त्यापेक्षा भिंग स्टँडवर लावा, म्हणजे मान मागे राहील. पंखा आधी चालू, टोक नंतर.

खरवडायचंच असेल तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्यात तार धरा आणि बॉबिनकडून (जिच्यावर तार गुंडाळतात ती चौकट) टोकाकडे, एकाच दिशेने, दोन-तीनदा हलकेच ओढा. मागे-पुढे घासलं की तुटलीच.

पिकअप मेणात बुडवायला गॅसवर पातेलं ठेवलं तर काय बिघडलं?

बिघडतं! मी स्वतः एकदा ठेवलं होतं. शेगडीकडे पाठ करून फोन घेतला, वळलो तर पातेल्यावर पांढुरकी वाफ आणि आतल्या प्लॅस्टिकच्या बॉबिनची कड जिलबीसारखी वळलेली. पॅराफिन साधारण २०० अंशांना पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि ज्योतीवरच्या पातेल्याचा तळ तिथे पोहोचायला वेळ लागत नाही.

मेणाचं भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि पाणी विजेच्या शेगडीवर. पाणी आहे तोवर मेण शंभर अंशांच्या वर जात नाही. (पाणी आटलं की हा नियमही आटतो.) आपल्याला हवेत ६० ते ६५ अंश, त्यामुळे थर्मामीटर मेणात. मी चार भाग पॅराफिनला एक भाग मधमाशीचं मेण घेतो, म्हणजे थंड झाल्यावर तडे जात नाहीत. पिकअप आत सोडला की गुंडाळीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले की काढा.

झाकण हाताशी ठेवा. मेण पेटलं तर झाकण टाकायचं आणि शेगडी बंद करायची. पाणी ओतलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि ती पेटतं मेण खोलीभर उडवते.

बॉबिनला लॅकर मारताना एन-९५ मास्क घालतो. तरी डोकं दुखतं.

दुखणारच. एन-९५ कण अडवतो, लॅकर-थिनरची वाफ त्यातून सरळ जाते. तिला सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो, आणि तोही दाढीवर नीट बसत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. म्हणून वर सांगितलेली शिवणयंत्राची मोटर त्याच खोलीत चालवू नका, तिच्या कार्बन ब्रशना ठिणग्या पडतात. लॅकर बाहेर, उघड्यावर मारा.

मेणातून काढल्यावर पिकअपचा रोध ६ हजारांचा ६,८०० झाला. तार खराब झाली का?

नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांवरून ६० वर गेलात तर जवळजवळ १४ टक्के, म्हणजे तुमचे ते आठशे ओहम. रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी मोजा. तेव्हाही ६,८०० दिसले, तर मेणात घालण्यापूर्वी कुठल्या तापमानाला मोजलं होतं ते आठवून मला लिहा.