भाग जास्त असले की व्यवस्था गुंतागुंतीची होते का?

तुमचा प्रश्न असा आहे की एखादी व्यवस्था गुंतागुंतीची नेमकी कशामुळे होते, आणि भागांची संख्या वाढली की ती आपोआप तशी होते का. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि माझं उत्तर 'नाही' असं आहे. संख्येमुळे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. यंत्र म्हणून अफाट! पण त्यातली एक डिश दुरुस्तीसाठी बंद केली तर उरलेल्या २९ आपलं वागणं बदलत नाहीत. निरीक्षणात किती घट येईल ते इंजिनिअर आधीच हिशोब करून सांगू शकतात. फुग्यातल्या हवेत तर मोजता येणार नाहीत इतके रेणू असतात, तरी तिचा दाब अकरावीच्या सूत्राने निघतो. वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्येच हा फरक मांडला होता: नुसती संख्या मोठी असेल तर सरासरी काढून भागतं, खरी अडचण येते ती भाग एकमेकांत गुंतलेले असतात तेव्हा.

आता संध्याकाळी सातला पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर या. नळस्टॉपच्या अलीकडे एक रिक्षा प्रवासी घ्यायला डावीकडे थांबते. मागची स्कूटर तिला चुकवायला उजवीकडे घुसते, स्कूटरमागचा पीएमपीचा ड्रायव्हर ब्रेक दाबतो, आणि बसमागची कार घाबरून त्याहून जोरात. रिक्षा प्रवासी घेऊन केव्हाच निघून जाते, पण ब्रेकची लाट मागे मागे सरकत राहते. थोड्या वेळाने जो त्यात अडकतो, त्याला पुढे गेल्यावर ना अपघात दिसतो ना खड्डा.

जपानमधल्या संशोधकांनी हे मुद्दाम करून पाहिलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. २३० मीटर घेराचा गोल रस्ता, २२ गाड्या, सूचना एकच: ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवा. सिग्नल नाही, चौक नाहीत. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली, आणि गाड्या पुढे जात असताना ती कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत राहिली. एकेक गाडी सुटी करून कितीही तपासा, त्यात ती कोंडी सापडणार नाही. प्रत्येक जण पुढच्याला बघून वागतो आणि त्याच्या वागण्याला मागचा प्रतिसाद देतो, त्यातून ती तयार होते. मी व्यवस्थेला गुंतागुंतीची म्हणते ती यासाठी.

त्यात उपायसुद्धा व्यवस्थेचाच भाग होऊन बसतो. पौड फाट्याला गर्दी दिसली की मोबाइलवरचा मॅप सगळ्यांनाच आतल्या गल्लीत घालतो आणि मग ती गल्ली तुंबते. डिट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. नवीन पूल झाला की वाहतूक सुटलीच, असं आपण गृहीत धरतो, तेव्हा हे मला फार पोटतिडकीने सांगावंसं वाटतं.

मान्सूनचं तर याहून अवघड. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं; त्या वर्षी आपल्याकडे बहुधा पाऊस कमी पडतो. १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी होता, दुष्काळाची भीती होती, आणि देशात पाऊस सरासरीच्या जवळपास १०२ टक्के पडला. २००२ मध्ये एल निनो त्यामानाने सौम्य होता, तरी पाऊस ८१ टक्क्यांवर आला. १९९७ ला पावसाला आधार मिळाला त्यात हिंदी महासागराचा मोठा वाटा मानतात: पश्चिमेचं पाणी गरम, पूर्वेचं थंड. पण पाणी तसं झालं ते वाऱ्यांमुळे, आणि वारे तसे वाहिले त्याला पुन्हा पाण्याचं तापमानही कारण. यात आधी कोण, या प्रश्नाला उत्तरच नाही.

म्हणून पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत समुद्र आणि वातावरण एकाच मॉडेलमध्ये जोडून गणित चालवतात, तेही सुरुवातीचे आकडे किंचित बदलून पुन्हा पुन्हा. ती सगळी उत्तरं एकमेकांच्या जवळ राहिली तर अंदाजावर भरवसा वाढतो. फार विखुरली, तर पाऊस सरासरीपेक्षा जास्त किंवा कमी होण्याची फक्त शक्यता सांगता येते.