कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर शनिवार-रविवार असे दोनच दिवस आहेत. फिरणं, खरेदी आणि संध्याकाळ कशी बसवावी?
खरेदी शनिवारी उरका आणि रविवारची संध्याकाळ शर्ली हाइट्स या टेकडीसाठी राखून ठेवा. रविवारी राजधानी सेंट जॉन्समधली बरीच दुकानं बंद असतात, आणि शर्ली हाइट्सवरची मैफल खरी रंगते ती रविवारीच: आधी स्टीलबँड (पोलादी पिंपांच्या वाद्यांचा ताफा), अंधार पडला की रेगे, बाजूला निखाऱ्यावर भाजलेलं चिकन आणि रम पंच. सूर्य मावळायच्या आत वर पोचा, खाली अख्खं इंग्लिश हार्बर बंदर दिसतं. दुपारी तिथलंच नेल्सन्स डॉकयार्ड, म्हणजे जुनी नौदल गोदी, बघून घ्या. 2016 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

शनिवारी सकाळी बाजारात काळा अननस दिसला तर सोडू नका. नावालाच काळा, पिकला तरी साल हिरवट आणि चव भलतीच गोड. करमुक्त घड्याळं-दागिने सेंट जॉन्सच्या हेरिटेज की (Quay, म्हणजे धक्का) इथे मिळतात, पण मला विचाराल तर जुन्या इमारतींतली रेडक्लिफ कीची छोटी दुकानं जास्त बरी. भाव कोणत्या डॉलरमध्ये ते मात्र आधी विचारा: 1 अमेरिकन डॉलर म्हणजे तिथल्या चलनात 2.70 पूर्व कॅरिबियन डॉलर. आणि हो, लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे कायद्याने बंदी आहे. रविवारी क्रूझ जहाज बंदरात असेल, तर धक्क्याजवळची काही दुकानं उघडी सापडू शकतात.