वाचक विचारतात: कादिझला जायचंय, पण वारा बघून

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): ताई, आम्ही दोघं साठीच्या पुढचे, सप्टेंबरात स्पेनला जातोय. टूरवाले सगळे माद्रिद, बार्सिलोनाच दाखवतात, आम्हाला समुद्राकाठचं एखादं जुनं गाव निवांत बघायचंय. हिचे गुडघे दुखतात. कादिझ कसं आहे, किती दिवस ठेवायचे?

उत्तर: काका, बिनधास्त जा आणि किमान चार रात्री ठेवा. सेव्हियाहून (आपण सेव्हिल म्हणतो ते) थेट ट्रेन आहे, दोन तासांच्या आतच पोचता, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की जुनं गाव समोरच. गाव बहुतेक सपाट आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र, त्यामुळे रस्ता चुकला तरी कुठल्यातरी किनाऱ्यालाच लागता. फिनिशियन (प्राचीन काळचे, आजच्या लेबनॉनकडचे दर्यावर्दी) व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे गाव, म्हणजे जवळजवळ तीन हजार वर्षांची वस्ती. एका कठपुतळी थिएटरच्या खाली ९ मीटरवर त्यांचे रस्ते आणि घरांचे अवशेष सापडलेत, ते खाली उतरून बघता येतात. रोमन थिएटर तर १९८० साली हाती लागलं, तोवर त्याच्या डोक्यावर अख्खी वस्ती नांदत होती!

कॅथेड्रलचं काम १७२२ ला सुरू झालं आणि १८३८ ला संपलं, मधे पैसे आटले वगैरे. आत गेलात की वर जाळी लावलेली दिसेल, घाबरू नका, खाऱ्या हवेनं दगड झिजतो आणि त्याचे तुकडे खाली पडतात म्हणून ती लावलीय. काकूंसाठी खास सांगते, या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पायऱ्या नाहीत तर उताराची वाट आहे, हळूहळू चढता येते. तोरे ताविरा या जुन्या टेहळणी मनोऱ्याला मात्र दीडशेच्या वर पायऱ्या आहेत, तिथे तुम्ही एकटे जा. अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचा कारभार १७१७ साली सेव्हियाहून इथे आला, मग आपलं जहाज कधी येतंय ते बघायला व्यापाऱ्यांनी घरांवर टेहळणी मनोरे बांधले, शंभराहून जास्त अजून उभे आहेत आणि ताविरावरून ते सगळे एकदम दिसतात. वर एका अंधाऱ्या खोलीत आरशा-भिंगातून गावाचं चालतंबोलतं चित्र पडद्यावर पाडून दाखवतात, वेळ आधी बुक करा.

संध्याकाळ मात्र ला कालेतावर. छोटासा पश्चिमेकडे तोंड केलेला बीच, दोन्ही टोकांना एकेक किल्ला. सांता कातालिना चांदणीच्या आकाराचा, १५९६ मध्ये इंग्रज आणि डचांनी गाव लुटून जाळलं त्यानंतर बांधलेला. दुसऱ्याकडे, सान सेबास्तियानकडे, समुद्रातून बांध गेलाय. किल्ल्यात सोडतात की नाही ते आधी विचारा, पण खरी मजा त्या बांधावरून चालण्यातच आहे. इथे अटलांटिक आहे, त्यामुळे आपल्या कोकणासारखी दणदणीत भरती-ओहोटी असते (भूमध्य समुद्राच्या बाजूला ती जवळपास जाणवतच नाही), ओहोटीची वेळ बघून निघा, खडक उघडे पडतात, होड्या वाळूवर टेकलेल्या दिसतात.

प्रश्न (पुण्याहून): आम्ही मैत्रिणी जुलैत जातोय, गाडी भाड्याने घेणार. कादिझ प्रांतातला बोलोनिया बीच नक्की बघायचाय पण कोणीतरी म्हणालं की तिथल्या वाऱ्याने माणूस वेडा होतो??

उत्तर: वेडं नाही होत गं, पण वैतागतं खरं. या किनाऱ्यावर दोन वारे, पूर्वेकडून येणारा लेवान्ते आणि अटलांटिकवरून येणारा पोनिएन्ते. पोनिएन्ते गार, सुखाचा. लेवान्ते जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या भागात शिरला की असा जोर धरतो की बोलोनियाला आणि तिथल्या तारिफा गावाला वाळू पायांना टोचते, छत्री तर विसराच. म्हणून माझा एकच हट्ट, दिवस आधी ठरवू नका, रोज सकाळी हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा बघा आणि मग ठरवा. लेवान्ते असेल तर डोंगरावरचं पांढरं बेहेर गाव फिरा, नाहीतर बार्बातेच्या पाइनच्या जंगलातून कड्यावरची वाट चाला, खाली जवळपास शंभर मीटरवर समुद्र! तिथून ट्राफल्गारचं दीपगृह फार लांब नाही, इंग्रज आरमाराने फ्रेंच-स्पॅनिश आरमाराला हरवलं ती १८०५ ची लढाई याच टोकासमोर झाली, पण बघायला तिथे दीपगृह आणि वाळूच आहे, तासाभरात उरकतं.

पोनिएन्ते असला की मात्र तडक बोलोनिया. बीचला लागूनच बाएलो क्लाउदिया हे रोमन शहर आहे, सोमवारी बंद असतं. देवळं आणि थिएटर आहेच, पण मला विचाराल तर पाण्याजवळचे मासे खारवायचे दगडी हौद आधी बघा, कारण अख्खं शहर त्याच धंद्यावर उभं होतं. ट्यूना मासे वसंतात अंडी घालायला भूमध्य समुद्रात शिरतात, ते इथे जाळ्यात अडवायचे, खारवायचे, गारुम नावाचा माशांचा सॉस करायचा आणि जहाजाने रोमला पाठवायचा. ट्यूना अडवायची ती जाळी बार्बाते, कोनिल, साहारा (वाळवंट नव्हे, इथलंच गाव) या गावांच्या भागात आजही दर वसंतात लागतात. मग तीस मीटरहून उंच वाळूच्या टेकडीवर चढा, दुपारी वाळू भयंकर तापते तेव्हा चपला हातात घेऊ नका. बीचवर गाई बसलेल्या दिसल्या तर हसू नका, त्या तिथल्याच.

प्रश्न (सोलापूर): आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

उत्तर: नाही, पण रोज विचारावं लागेल. पालक-चण्याची भाजी मागा, बटाट्याचं गार सॅलड मागा (वर ट्यूना घालू नका म्हणून सांगा), टोमॅटो लावलेला पाव सगळीकडे. साल्मोरेखो सूप गार आणि झकास, पण वर हॅम आणि अंडं भुरभुरतात, आधीच नको म्हणा. कुरकुरीत भजीसारखं काही दिसलं तर त्यात बारीक कोळंबी असते, सावध!

प्रश्न (नागपूरहून एक पक्षीप्रेमी): सप्टेंबरच्या सुरुवातीला पक्षी दिसतील? आणि तारिफावरून फेरीने एका दिवसात मोरोक्को करता येईल का?

उत्तर: पक्ष्यांसाठी याहून भारी जागा युरोपात कमीच. गरुड, घारी, करकोचे यांना तरंगायला जमिनीवरची गरम हवा लागते, ती पाण्यावर मिळत नाही, म्हणून आफ्रिकेला जाताना ते १४ किलोमीटरची अरुंद जागा गाठतात, म्हणजे तारिफाच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मधुबाज थव्याने जातात. आणि बाकीच्यांना नकोसा लेवान्ते तुम्हाला मात्र फायद्याचा, जोराचा असला की पक्षी पलीकडे जायला धजत नाहीत, तारिफाभोवती साचत राहतात. देवमासे बघायच्या बोटी त्या दिवशी सुटत नाहीत, फेरीही रद्द होऊ शकते.

मोरोक्कोचं म्हणाल तर आधी पासपोर्ट उघडून शेंगेन व्हिसा (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) बघा. सिंगल एंट्री असेल तर फेरीत पाय ठेवूच नका, तांजिएरला उतरलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परत स्पेनमध्ये घेणार नाहीत. मल्टिपल एंट्री हवी, वर मोरोक्कोचा व्हिसा वेगळा. नसेल तर त्या दिवशी दुर्बीण घेऊन टेकडीवर जा, हवा स्वच्छ असली तर आफ्रिकेचे डोंगर तिथूनच दिसतात.