जुनापाणीचा दगड फिरवून पाहता यावा म्हणून

प्रश्न : नागपूरच्या काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांमधल्या (गोलाकार मांडलेल्या प्राचीन दगडांमधल्या) काही दगडांवर उथळ गोल खळगे कोरलेले आहेत. त्यांचे फोटो मी विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) टाकले, पण खळगे धड कळत नाहीत. तिथे त्रिमितीय मॉडेलही घेतात असं ऐकलं. मोबाइलच्या फोटोंवरून ते जमेल का?
— पुरातत्त्वाची एक विद्यार्थिनी, वाडी

उत्तर : जमेल, आणि जरूर करा. कॉमन्सवर एसटीएल प्रकारच्या, म्हणजे त्रिमितीय आकार साठवणाऱ्या फाइली फेब्रुवारी २०१८ पासून घेतात. अगदी सुरुवातीला तिथे आलेल्या मॉडेलांमध्ये सिरियातल्या पाल्मिरा या प्राचीन नगरातला, अल-लात देवीच्या मंदिरातला सिंह होता. ती चुनखडीची मूर्ती २०१५ मध्ये फोडली गेली. पुढे तुकडे जोडून ती दमास्कसच्या संग्रहालयात उभी केली. जुनापाणीवर तशी वेळ आलेली नाही. पण तिथले दगड उघड्यावर आहेत, आपल्याकडचा मे महिना आणि त्यामागून येणारा पाऊस दरवर्षी सोसताहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे उत्खनन केलं. तेव्हा खळगे किती खोल होते, हे त्रिमितीत मोजून ठेवणारं साधन नव्हतं. आज ते तुमच्या खिशात आहे.

भर दुपारी त्याच दगडापाशी उभं राहा, खळगा हाताला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. सकाळचं तिरपं ऊन पडलं की खळग्यांची रांग उमटते. कॅमेऱ्यालाही नेमकी हीच अडचण येते. मॉडेलवर मात्र उजेड हव्या त्या बाजूने टाकता येतो. शिवाय एसटीएलमध्ये रंग नसतोच, नुसता त्रिकोणांचा पृष्ठभाग असतो. पुष्कळ जण याला उणीव म्हणतात. या दगडांपुरती मला ती सोयच वाटते. शेवाळाचे डाग, पावसाचे ओघळ सगळं गळून जातं आणि कोरीवकाम तेवढं उरतं.

फोटो ढगाळ दिवशी काढा. श्रावणातलं आभाळ उत्तम, कारण सावल्या सरकत नाहीत. दगडाभोवती आधी खालून, मग मधून, मग वरून फेरी मारा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान दोन-तृतीयांश भाग यायला हवा. झूम नको, फ्लॅश नको, एक्स्पोजर एकदा ठरवून लॉक करा. दगडाला टेकवून नाही, शेजारी जमिनीवर मोजपट्टी ठेवा. खडूने खळगे गिरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे ट्रायपॉड किंवा ड्रोन नेणार असाल तर आधी खात्याकडून परवानगी घ्या.

फोटो जोडून त्यांचं मॉडेल करायला मेशरूम हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याला एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा. मग मेशलॅब या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची साफसफाई करा. बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे १० लाख त्रिकोणांची फाइल साधारण ५० एमबीची होते. त्रिकोण कमी करायचे असतील तर सपाट भागातले करा, खळग्यांच्या कडांना हात लावू नका. दगडाचा जमिनीत गाडलेला भाग सॉफ्टवेअरने अंदाजाने बुजवला असेल तर तो कापून टाका, नाहीतर वर्णनात तसं स्पष्ट लिहा. अभ्यासकाला अर्धा दगड चालतो, मनाने पूर्ण केलेला चालत नाही.

आणखी एक. एसटीएलमध्ये एकक साठवलेलं नसतं. फाइलीत ९०० हा आकडा असेल तर तो मिलिमीटर की इंच, हे फाइल सांगत नाही. लांबी-रुंदी, उत्तर दिशा, तारीख आणि दगड वर्तुळात कुठे आहे, हे सगळं वर्णनात मराठीत आणि इंग्रजीत लिहा. दिशा तर विसरूच नका, कारण खळग्यांच्या रांगांचा आकाशाशी काही संबंध आहे का, यावर अभ्यासकांनी काम केलेलं आहे.

प्रश्न : पिवळ्या मारबतीचं (नागपुरात पोळ्यानंतर मिरवणाऱ्या पुतळ्याचं) मॉडेल करून कॉमन्सवर टाकलं तर? दरवर्षी जाळतात, काहीच उरत नाही.
— एक वाचक, इतवारी

उत्तर : तुमची तळमळ पटते, पण इथे मी थांबा म्हणेन. मारबत दरवर्षी नव्याने घडते आणि घडवणारे हात आज आपल्यात आहेत. त्या कलाकृतीवरचा हक्क आधी त्यांचा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचं चित्र किंवा छायाचित्र काढायची मुभा आहे. मारबत कायमची नसते, आणि त्रिमितीय प्रतिकृतीचा त्या मुभेत उल्लेखच नाही. (चौकातल्या नव्या पुतळ्यांचं मॉडेल करू पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.)

म्हणून कारागिरांकडे जा, कॉमन्स म्हणजे काय ते समजावून सांगा, लेखी परवानगी घ्या. कॉमन्सवर ‘व्यापारी वापर नको’ अशी अट चालत नाही, म्हणजे त्या मॉडेलवरून कोणीही छोट्या मारबती छापून विकू शकेल. हे त्यांना सह्या घेण्याआधी सांगायचं, नंतर नाही. ते नको म्हणाले तर विषय संपला.

हो म्हणाले, तरी माझी पसंती वेगळी आहे. पिवळा रंग गेला की ती पिवळी मारबत राहत नाही, आणि एसटीएल तो रंग धरत नाही. त्यापेक्षा बांबूच्या सांगाड्यापासून दहनापर्यंतचं काम त्यांच्याच परवानगीने व्हिडिओत टिपा. आतला सांगाडा मॉडेलमध्ये तसाही दिसला नसता.

प्रश्न : घरातल्या जुन्या पितळी समईचं मॉडेल होत नाही, नुसते गोळे येतात. काय करू?
— एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : चकचकीत धातूत प्रत्येक फोटोत वेगळं प्रतिबिंब पडतं, म्हणून सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत. समई काही दिवस घासू नका. मंद झाली की खिडकीशी, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी, वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवा आणि समई न हलवता तुम्ही तिच्याभोवती फिरा. कागदावरची अक्षरं सॉफ्टवेअरला धरायला मिळतात.