चिंचेवरचा दिवा

प्रश्न : पहाटे पाचला धार काढायला गोठ्यात जाते, तेव्हा पूर्वेला चिंचेच्या शेंड्यावर मोठा पांढरा दिवा दिसतो. लुकलुकत नाही. मुलगा म्हणतो, ड्रोन आहे. खरं काय?
– एक वाचक, माण तालुका

उत्तर : ताई, रोज पहाटे तासभर तुमच्या चिंचेवर ड्रोन कोण उडवणार? ती शुक्राची चांदणी. माझी आजी ती उगवली की जात्यावर बसायची. घरात घड्याळ नव्हतंच. चांदणी म्हणायचं, पण आहे तो ग्रह. त्याच्यावरचे दाट ढग बराचसा सूर्यप्रकाश परतवतात, म्हणून एवढा लखलखीत. सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे तो जात नाही, त्यामुळे मध्यरात्री आपल्याला दिसायचा नाही. अंतराळ स्थानक असतं तर पाच-सहा मिनिटांत आभाळ ओलांडून गेलं असतं.

दुर्बीण मिळाली तर जरूर बघा, कधीकधी चक्क कोर दिसते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा भिंगच बिघडलंय समजून धोतराच्या सोग्यानं पुसत बसलो होतो! सूर्य उगवायच्या आत मात्र दुर्बीण खाली ठेवा. काही महिन्यांनी तो पहाटे दिसेनासा होईल. मग थोडं थांबून संध्याकाळी पश्चिमेला शोधा.