दहा हजारांत ऑसिलोस्कोप घेऊ की लॉजिक अ‍ॅनालायझर? आर्डुइनो आणि ईएसपी३२ या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डांवर प्रयोग करतो.

ऑसिलोस्कोप व्होल्टेजचा आलेख दाखवतो, लॉजिक अ‍ॅनालायझर डिजिटल सिग्नल वाचतो; आत्ता दोन्ही नको. आधी करंट लिमिट असलेला, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा जास्त करंट न देणारा, बेंच पॉवर सप्लाय (टेबलावरचा, व्होल्टेज बदलता येणारा) घ्या, ३० व्होल्ट ५ अँपिअरचा. मोबाइलच्या चार्जरवर प्रोजेक्ट चालवणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि तो घरातूनच सुरू झालाय.

माझ्या मामाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मी सप्लाय आणला तेव्हा म्हणाला, "चार्जरवर भागतंय, तिथं एवढे पैसे कशाला घातलेस?" त्याच्याच टेबलावर सिरीज बोर्ड आहे. शंभर वॅटचा बल्ब आणि त्याच्याशी सिरीजमध्ये सॉकेट. सेट शॉर्ट असला की बल्ब भक्कन पेटतो, सेट वाचतो. मी म्हटलं, "मामा, हेच तर करंट लिमिट. २३० व्होल्टला तू ते पाळतोस, मग पाच व्होल्टच्या बोर्डानं काय घोडं मारलंय?" त्याला पटलं नाही.

पुढे त्याच्याकडे एक वायफाय राउटर आला, १२ व्होल्टचा. लावला की अ‍ॅडॅप्टरच बंद पडायचा. मीटर आतल्या सप्लाय लाइनवर बीप देत होता, म्हणजे तिथं शॉर्ट होता, पण त्या लाइनवर कपॅसिटर ढीगभर आणि सगळे पॅरलल. प्रोब कुठेही टेकवा, बीपच. मामा एकेक उतरवायला बसला होता. मी सप्लाय १ व्होल्टवर ठेवला, लिमिट २ अँपिअर, आणि त्या लाइनला जोडून बोर्डावर ब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. सगळा बोर्ड ओला, फक्त तांदळाच्या कणीएवढ्या एका सिरॅमिक कपॅसिटरभोवती चटकन सुकलं. परत लावलं, परत तिथंच सुकलं. तो काढला, बीप गेला. मग १२ व्होल्ट देऊन लिमिट अर्ध्या अँपिअरवर ठेवली. राउटरचे दिवे लागले. मामा म्हणाला, "नशीब." नशीब कसलं? शॉर्ट जिथं असतो तिथंच करंट जातो आणि तेच तापतं. चार्जरनं हे कधीच दाखवलं नसतं.

म्हणून सांगतो, नवीन बोर्ड पहिल्यांदा चालू करताना लिमिट १००–२०० मिलिअँपिअर ठेवा. दोन पिना जोडणारा सोल्डरचा पूल राहिला असेल तर व्होल्टेज कोसळतं, सीसीचा (लिमिट लागल्याचा) दिवा लागतो आणि धूर न निघता चूक कळते. ईएसपी३२चं वायफाय चालू करताना मात्र लिमिट वाढवा, नाहीतर बोर्ड सारखा रीसेट होईल आणि तुम्ही कोड चाळत बसाल.

उरलेल्या पैशांत ८ चॅनेल, २४ मेगाहर्ट्झचा साधा लॉजिक अ‍ॅनालायझर येतो. त्याचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर पल्सव्ह्यू फुकट आहे. आयटूसी, एसपीआय, यूएआरटी, म्हणजे चिप एकमेकांशी ज्या पद्धतींनी बोलतात ते सगळं, वाचून दाखवतं. ऑसिलोस्कोप ऑडिओ किंवा स्विचिंग सप्लायच्या कामाला लागाल तेव्हा बघा.

एक राहिलं. लिमिट जास्त व्होल्टेजपासून वाचवत नाही, त्यामुळे आधी व्होल्टेज ठरवून घ्या, मगच बोर्ड जोडा. सप्लायच्या आउटपुटवरच्या कपॅसिटरमधला साठा लिमिट लागायच्या आत एकदम बाहेर येतो, नाजूक एलईडी त्यात जाऊ शकतो. अल्कोहोल पेट घेतं, सोल्डरिंग आयर्न लांब ठेवा. आणि घरी कोणी "चार्जर आहे की" म्हणालं, तर त्यांना सिरीज बोर्ड कशासाठी असतो ते विचारा.