घरी शिलाई सुरू केलीस ना, आधी नाही म्हणायला शीक

अगं, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सोलापुरात युनिफॉर्मची कामं ढिगानं येतात आणि नवीन माणूस सगळ्यांनाच हो म्हणून बसतं, पहिली चूक हीच. दुसरी म्हणजे 'बघते, सांगते' असं अर्धवट बोलायचं, गिऱ्हाईक ते हो धरूनच जातंय की.

सरळ सांग, 'काकू, या आठवड्यात जमणार नाही, सोमवारी कापड आणा.' कारणं देऊ नकोस, दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो.

ऑर्डरच्या वहीत गुरुवार कोराच ठेव. त्या दिवशी जुन्या कापडावर कॉलर, काजपट्टी (शर्टाच्या पुढची काजं असलेली पट्टी), खिसा एवढंच शिवून बघ, हात त्यानंच बसतो, कॉलरची दोन्ही टोकं सारखी यायला लागली की मग शर्ट घे, येतंय तुला. नातेवाइकांचं फुकटचं फॉल-पिको सगळ्यात अवघड, तिथं दिवस ठरवून दे. रेट, कारखान्याचं जॉबवर्क (त्यांचा माल मजुरीवर शिवून देणं) हे सगळं दिवाळीनंतर विचार.